दीड कोटी अक्षरांची वाट

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. अंगाने डब्याएवढा, तोंडावर चार ओळींचा पडदा आणि कपाळावर एक पिवळा दिवा.

बाबा टेलिफोन कचेरीत तारा जोडून निवृत्त झाले. रिकाम्या हातांना चैन पडेना, तेव्हा त्यांनी आम्हा दोन भावांना घडवले. माझा भाऊ त्यांच्या टेबलावर राहिला. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या लेकीच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याशेजारी आलो.

आमचे काम ऐका. तारेतून अक्षरे नळाच्या पाण्यासारखी सलग येतात. एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कळणार कसे? म्हणून बाबांनी शिस्त घालून दिली : आधी आकडा, मग अक्षरे. 'वीस' असा आकडा आला की मी माझ्या पोटातले वीस खण भरून घ्यायचे, तो निरोप दाखवायचा आणि त्यापुढे जे येईल तो नव्या निरोपाचा आकडा समजायचा. आकडा आला, पण अक्षरे यायची बाकी असली की माझा दिवा लुकलुकतो.

नऊ वर्षे आमचे झकास चालले. बाबा नळ दुरुस्त केल्याची कथासुद्धा सहा निरोपांत सांगायचे. लेक कायम घाईत. तिचे उत्तर ठरलेले : हं.

"अगं, एवढ्या लांब तार ओढली ती 'हं' ऐकायला?" बाबा फोनवर म्हणायचे.

"इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचून डोळे दुखतात, बाबा. आधी तुमच्या डब्याला मराठी शिकवा, मग बघू."

बाबांनी ते मनावर घेतले. एका अगदी साध्या दिवशी ते पिशवीत पाने-पेचकस घालून आले, मला उघडले आणि माझ्यात मराठी अक्षरे भरली.

"आता जेवूनच जा," लेक म्हणाली.

"छे! घरी जाऊन पहिला मराठी निरोप धाडायचाय. तू घे जेवून वेळेवर."

संध्याकाळी आकडा आला : चौपन्न. मी मन लावून चौपन्न खण भरले. पडद्यावर उमटले :

तुझा हं आला की मला

आणि दिवा लुकलुकू लागला.

"झालं! पहिल्याच घासाला ठसका," लेक हसली. उद्या विचारू, म्हणाली.

सकाळी बाबा उठलेच नाहीत.

त्यानंतर माझ्यावर धूळ साचली. लेक मला पुसत नव्हती, पण बंदही करू देत नव्हती. घरात वीजवाला आला तेव्हा त्याने माझ्या तारेला हात घातला.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं व्हायचंय अजून."

कधीकधी ती डाव हातात धरून माझ्यापुढे थबकायची. तुझा हं आला की मला... काय? वाईट वाटतं? राग येतो? मी तरी काय सांगणार? मी वाट पाहत होतो.

पाच महिन्यांनी बाबांच्या हाताखाली शिकलेल्या दुरुस्तीवाल्या मावशी भेटायला आल्या. लेकीने भीतभीतच मला त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मला आपल्या यंत्राला जोडले आणि चष्मा वर केला.

"हा किती अक्षरांची वाट बघतोय, माहितेय? दीड कोटी!"

"बाबा बोलके होते, मावशी. पण एवढे नाही."

मावशी हसता हसता डोळे पुसू लागल्या. "अगं, इंग्रजी अक्षर एका खणात मावतं. मराठीला, अगदी काना-मात्रेलासुद्धा, तीन-तीन खण लागतात. साहेबांनी अक्षरं मोजली, खण मोजायचे राहिले! म्हणून यानं तीनातला पहिलाच हिस्सा दाखवला. तारेतून अक्षरंसुद्धा आकडे होऊनच येतात, तेव्हा पुढच्या अक्षरांनाच हा नव्या निरोपाचा आकडा समजून बसला. शिकताना मी हीच चूक केली, तर मला वर्षभर चिडवत होते!"

"मग बाकीचा निरोप?"

"तो यायचा नाहीये, बाळ. आलेलाच आहे. त्याच संध्याकाळपासून याच्या पोटात आहे."

त्यांनी मला खण मोजायला नीट शिकवले. माझा पडदा भरला :

तुझा हं आला की मला घर भरल्यासारखं वाटतं. जेवलीस का गं?

पाच महिन्यांनी माझा दिवा विझला. मित्रांनो, वाट पाहणे हे मी माझे काम समजत होतो, आणि देण्याची वस्तू माझ्याच पोटात होती. तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. आणि कुणाचे अर्धेच वाक्य हाती लागले, तर उरलेले मनाने भरू नका.

मावशी चहाचे आधण ठेवायला उठल्या. लेकीने पदराने माझा पडदा पुसला. उत्तर लिहायच्या माझ्या बटणांना तिने हात लावला नाही. ती मोठ्याने बोलली, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तशी :

"जेवले, बाबा. आणि नुसतं 'हं' लिहायचे ना, तरी तुमचा प्रत्येक निरोप मी दोनदा वाचायचे. नळाचासुद्धा."