डोणीवर पाखरं येईनात

मित्रांनो, दगडाला पाझर फुटत नाही असं माणसं म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. माझ्या तर पोटातच बारा महिने पाणी असतं. मी एक जुनी दगडी डोणी आहे. रावेरकडच्या एका गावात, नथ्थूभाऊंच्या घरामागच्या परसात, विहिरीच्या शेजारी माझं सारं आयुष्य गेलं.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. पाथरवटानं मला बैलांना पाणी पाजण्यासाठी घडवायला घेतलं होतं, पण छिन्नी जरा जोरात बसली आणि माझी एक कड उडाली. पाणी त्या बाजूनं सांडायला लागलं. बैलांच्या कामाची नाही म्हणून मला परसात आणून टाकलं. थोडे दिवस मला वाईट वाटलं. मग पाहते तो काय, उडालेल्या कडेवर बसून चोच बुडवणं बारक्या पाखरांना भारी सोपं जात होतं. बैल गेले आणि पाखरं आली, माझं काही बिघडलं नाही.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास नथ्थूभाऊंशी लग्न होऊन शेवंताबाई या घरात सून म्हणून आल्या. पुढच्याच वर्षी गावात देवीची साथ आली आणि त्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. आंधळी सून काय कामाची, तिला माहेरी धाडा, असं भावकीतली माणसं तोंडावर बोलायची. शेवंताबाई रोज माझ्यात पाणी भरायच्या आणि मागच्या दारात बसून कान देऊन ऐकायच्या.

पहाटे दयाळ शीळ घालायचा, तेव्हा त्या चूल पेटवत. सातभाई कलकलाट करत अंघोळीला उतरले की न्याहारी बांधायची. भर दुपारी होले घुमू लागले की धुणं उलटायचं, आणि साळुंक्या भांडायला आल्या की दिवेलागणी. एक दिवस शेतात न्याहारी उशिरा पोचली नाही, की एक दिवस भाकरी करपली नाही. भावकीची तोंडं आपोआप बंद झाली. त्या घरातली त्यांची जागा पाखरांनी राखली, असं मी म्हटलं तर ते खोटं नाही.

पण पाखरं काही कुणाची बांधलेली नसतात. आधी परसाच्या कुंपणापलीकडे ज्वारी होती, बोरी होत्या, बाभळी होत्या. हिवाळ्यात भोरड्यांचे थवेच्या थवे यायचे, तितर ओरडायचे. मग नथ्थूभाऊंनी बाभळी तोडून केळी लावल्या. पाट वाहू लागले. तितर गेले, भोरड्या गेल्या, होल्यांनीही पाठ फिरवली. धुणं कधी उलटायचं ते शेवंताबाईंना कळेना. मग एका सकाळी केळफुलावर काहीतरी बारीक किलबिललं.

"हे कोन हो नवं?" त्यांनी विचारलं.

"बोटाएवढं कायंभोर पाखरू हाये. शिंजीर म्हनतात त्याले," नथ्थूभाऊ म्हणाले.

"येऊ द्या. गेलेल्याची जागा आलेल्यानं घ्यावी," असं म्हणून शेवंताबाईंनी त्या आवाजाला दुपारच्या दळणाची वेळ नेमून दिली. मला त्यांचा हा स्वभाव फार आवडायचा.

पाटाच्या पाण्यानं शिंजीर आणले, तसे डासही आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका वर्षी, होळी झाली आणि शेवंताबाईंना दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं हिवतापावरच्या कोयनेलच्या कडू पुड्या दिल्या आणि साचलेल्या पाण्यावर घासलेटाचे थोडे थेंब टाकायला सांगितले.

आता आमचे नथ्थूभाऊ कसे, तर चिमूटभर मीठ सांगितलं की मूठभर घालणारे! बायकोच्या काळजीनं ते अगदी कावरेबावरे झाले होते. त्यांनी मोरीत घासलेट ओतलं, गटारात ओतलं, आणि माझ्यात तर पळीपळीनं ओतलं. संध्याकाळी घरात कडुनिंबाच्या पाल्याची अशी धुरी घातली की आढ्यातल्या चिमण्याही घरटी सोडून पळाल्या. हे सगळं झालं तेव्हा शेवंताबाई तापाच्या ग्लानीत होत्या. त्या शुद्धीवर आल्यावर नथ्थूभाऊंनी बजावलं, "तू परसात जाऊ नको. पान्याचं मी पाहीन."

माझ्या पाण्यावर तेलाची साय धरली. दयाळ आला, चोच बुडवली, मान झटकली आणि उडून गेला. सातभाई कडेवर उतरले आणि तसेच परतले. केळीचे घडही नुकतेच कापले होते, त्यामुळे फूल नव्हतं आणि शिंजीरही नव्हते. ऐन चैत्रात माझ्यात काठोकाठ पाणी होतं आणि एकही पाखरू ते पीत नव्हतं. त्या दिवसांइतकी लाज मला कधी वाटली नाही.

शेवंताबाई दारात बसून कान द्यायच्या. कोयनेलनं कानात घूं घूं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवसांनी घूं घूं थांबली, पण पाखरं काही ऐकू येईनात. बैलांच्या घंटा ऐकू यायच्या, माणसं ऐकू यायची, लांबचा कावळा ऐकू यायचा. जाड आवाज तेवढे राहिले आणि बारीक गेले, असा त्यांनी अर्थ लावला. गावात एक म्हातारा कोयनेलनं बहिरा झाला, अशी वदंता होतीच. घासलेटाचा वास तर साऱ्या गल्लीला येत होता, त्याचं त्यांना नवल वाटलं नाही.

डोळे गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र पदर तोंडात धरून रडल्या. आधीच आंधळी, त्यात बहिरी! कुणाला कळलं तर काय, या भीतीनं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. राहिलेले कान तरी राहावेत म्हणून नथ्थूभाऊ हातावर ठेवत ती पुडी त्या गपचूप दाराजवळच्या केळीच्या बुडाशी झाडून टाकू लागल्या. ताप पुन्हा उलटला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. नथ्थूभाऊंना कळेना, औषध चालू असून बाई वाळत का चालली. मी सगळं पाहत होते आणि मला जीव तोडून ओरडावंसं वाटत होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नथ्थूभाऊंची बहीण बेबाबाई माहेराला आली. ती पाय धुवायला परसात आली, माझ्यात हात घातला आणि किंचाळलीच.

"अवं माय! वहिनी, डोनीत त घासलेट हाये! पाखरू येईन तरी कसं?"

शेवंताबाई भिंतीला धरून दारात उभ्या राहिल्या. "म्हंजे... पाखरं येतच नही?"

"एक बी नही. सारं परस सुनं पडलं."

"मले वाटलं, माझे कान गेले," शेवंताबाई म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, केळीच्या बुडाशी टाकलेल्या पुड्यांसकट. बेबाबाईनं त्यांच्या कानामागे हलकेच बांगड्या किणकिणवल्या. "हे आयकू येतं का?"

"येतं. पन बांगड्या जाड वाजतात."

"वहिनी, तुमची त कमालच हाये!"

नथ्थूभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पुडी घे व, उद्या थंडीची पाळी हाये," ते काकुळतीला आले. पण शेवंताबाई हटून बसल्या. आधी पाखरू ऐकीन, मग पुडी घेईन.

मित्रांनो, त्या दिवशी जशी माझी अंघोळ झाली तशी कुणा नवरदेवाचीही होत नसेल. नथ्थूभाऊंनी मला राखेनं घासलं, विटकरीच्या चुऱ्यानं घासलं, रिठ्याच्या कढत पाण्यानं धुतलं. इथं त्यांचा दुप्पट करायचा स्वभाव कामी आला. मग विहिरीचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. पाखरांनाही आठवण असते, ती लगेच विश्वास ठेवत नाहीत. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

पहाटे शेवंताबाई दारात येऊन बसल्या. थंडीची पाळी जवळ आली होती, हात आत्ताच गार पडले होते. मागे नथ्थूभाऊ पुडी घेऊन उभे. आणि मग माझ्या कडेवर दोन बारीक पाय टेकले. दयाळानं एक घोट घेतला, थांबला, आणखी एक घेतला, आणि शेपटी उडवून अशी लांब, बारीक शीळ घातली की माझं पाणीसुद्धा थरथरलं.

शेवंताबाईंनी हात मागे पसरला. नथ्थूभाऊंनी त्यावर पुडी ठेवली. ती विषासारखी कडू पुडी त्यांनी साखर खावी तशी खाल्ली, आणि मग म्हणाल्या, "चूल पेटवायची येळ झाली."

हळूहळू ताप गेला. पुढे लढाईत घासलेट मिळेनासं झालं तेव्हा बेबाबाई भावाला चिडवायची, "दिव्याले नही, आन तू पाखराले पाजलं!" आता माझ्यातलं पाणी रोज संध्याकाळी केळीला ओतून नवं भरतात, त्यामुळे डासही होत नाहीत आणि पाखरंही तहानलेली जात नाहीत.

मुलांनो, तुमच्याही दारात पाखरांसाठी पाणी ठेवा आणि ते रोज पालटा. आणि नेहमीचा एखादा आवाज एकाएकी बंद झाला, तर आपल्यातच काही बिघडलं असं मनाशी ठरवून गप्प बसू नका. मी सगळं पाहत होते, पण मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे, तेव्हा विचारा.