चुन्याचे दोन, गेरूचे पाच

माझ्या हातचा नळ फोडायचा हुकूम घेऊन श्रीनिवासपंत आले, तेव्हा मी हौदाच्या काठावर भाकरी खात होतो. हुकूम ऐकला आणि घास हातातच राहिला.

मी सर्जेराव, गवंडी. कात्रजच्या बाजूचं पाणी पुण्यात आमच्या पेठेतल्या नव्या हौदापर्यंत आणायचं काम माझ्याकडे होतं. चार महिने खपून आम्ही खापरी नळ पुरला होता. उद्या पाणी सोडायचं, आणि आज हे सरकारी कारकून म्हणतात, पाणी येणारच नाही, नळ उखडा!

"का, ते तरी कळू द्या की," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा, कबूल करतो.

पंतांनी कागद पुढे धरला. "तुम्हीच दगडांवर मारलेल्या खुणा आम्ही मोजून आणल्या आहेत. नळाचं वरचं तोंड दोन हातांवर, हौदातलं तोंड पाच हातांवर. म्हणजे हौदच तीन हात उंच. पाणी चढण चढतं, असं आम्हाला तरी कोणी शिकवलं नाही."

माझा खणकर सोनबा पहार घेऊन उभा होता, आणि सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

कागदावर सगळं काळं. तिथेच मला घोळ कळला. आमच्या घरात मोजायची एक रीत आहे. देवळाचा उंबरा हे आमचं शून्य. पाणसळ लावून त्याच पातळीची रेघ नळाच्या सगळ्या वाटेवर न्यायची. रेघेच्या वर जितके हात, तितके फराटे चुन्याने ओढायचे. खाली जितके हात, तितके गेरूने. वडील असंच करत, त्यांचे वडीलही असंच करत. हे कोणाला सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पंतांनी फराटे मोजले आणि काळ्या शाईत आकडे उतरवले. रंग दगडांवरच राहिले.

"पंत, दोन चुन्याचे, ते उंबऱ्याच्या वर हायेत. पाच गेरूचे, ते खाली हायेत," मी म्हणालो.

"रंग कोणताही असो, पाच दोनाहून मोठेच. गणित आम्हाला शिकवू नका."

डोकं असं तापलं म्हणून सांगू! पण तापल्या डोक्याने नळ वाचणार नव्हता, आणि माझी बाजू खरी आहे याची मला खात्री होती. हौद अजून कोरडा होता. आत उतरायला पायऱ्या होत्या. मधल्या एका पायरीवर मी पागोटं काढून ठेवलं.

"हा उंबरा समजा. आपण याच्या वर दोन पायऱ्यांवर उभे राहा."

पंत नाक मुरडत उभे राहिले.

"आता उंबऱ्याखालच्या पाचव्या पायरीवर जायचं. मोजत उतरा."

एक, दोन. पागोट्यापाशी आले. तीन, चार, पाच, सहा, सात. तिथे थांबले.

"किती झाल्या?"

"सात," पंत म्हणाले. मग हळूच, "तीन नाही."

"आता सांगा, मी वरून तांब्या ओतला तर पाणी कुणाकडं यील?"

पंतांनी वर पागोट्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या पायरीकडे. मला वाटलं, आता चिडतील.

"पाठशाळेत शिकलोय मी हे," ते म्हणाले. "शून्याखालची संख्या. अंकाच्या डोक्यावर टिंब देतात. वर्षानुवर्षं गिरवली, सर्जेराव. तिच्यावर उभा मात्र आज राहिलो."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी कमरेची दौत काढली. पाचावर टिंब दिलं. मग खाली दोन ओळी लिहिल्या. मला वाचता येत नाही. सगळ्या दिवसात पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. माझे चार महिने त्या दोन ओळींत होते.

"काय लिहिलंत?"

त्यांनी वाचलं, "हौद वरच्या तोंडाहून सात हात खाली. नळ बरोबर आहे, उद्या पाणी सोडावे. खुणा वाचणारा चुकला."

मी म्हणालो, "रंगाचं मी सांगितलं न्हाई, त्ये बी लिवा."

"तुमची चूक तुमच्या कागदावर लिहा," पंत घडी घालत म्हणाले. "या कागदावर एकाच चुकीपुरती जागा होती. ती मी घेतली."