पेटी पाठवा, तुम्ही राहू द्या

शनिवारी जेवणं आटोपली आणि आमचे हे अंगणात हत्यारांची पेटी उघडून बसले. मी वही घेऊन समोर. सरकारी भांडारात माझी एकतीस वर्षं नग मोजण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या परत घेतात, सवय नाही घेत. हे, म्हणजे यशवंतराव, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. घरात एक मोडलेलं जोडणारा आणि एक जोडलेलं मोजणारी, असा संसार झाला.

रविवारी ओळखीच्या पोरांच्या टोळीच्या चार जीपा रायपूरहून गरियाबंदकडच्या जंगलात जाणार होत्या. जिथं रस्ता नाही तिथं मुद्दाम गाडी घालायची, मोडायची, आणि मग तिच्याखाली माझ्या नवऱ्याला घालायचं, ह्याला ते लोक सुट्टी म्हणतात. सहा वर्षं पेटी आणि हे, दोघं बरोबर जायचे. पण जानेवारीत दोन तास गाडीखाली पडून काम केलं आणि मग उठताच येईना. चौघांनी गोणीसारखं ओढून काढलं. घरी आल्यावर गुडघ्यांना तेल कोण चोळत बसलं, ते कुठल्याच वहीत नाही.

सकाळी विराजचा फोन आला होता. टोळीचा म्होरक्या तो, नवा रायपूरला मोठ्या कचेरीत इंजिनियर. आई अमरावतीची, मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत. ह्यांना कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर. मला स्वयंपाकघरात बसल्या जागी सगळं ऐकू आलं.

"काका, इस बार बस पेटी भेज दो. आप आराम करो."

"हव," एवढंच म्हणाले. मला येऊन सांगितलं, "विराज चारले येते, पेटी न्यायले." स्वतःचं नावच नाही.

तेव्हापासून चेहरा असा, की वरणात मीठ जास्त पडलं तरी बोलले नाहीत.

"लिही. पाने, आठ ते चोवीस."

"सतराचा दिसून नाही राहिला."

"चिंधीत गुंडाळला आहे. खडखड नाही झाली पाहिजे."

माझ्या लग्नातल्या शालूची चिंधी. मी सतरावर खूण केली.

फॅन बेल्ट दोन. रेडिएटरचे पाइप, क्लिपा, बांधायची तार, एम-सील, फ्यूज, चाकांवरच्या कमानीचे बोल्ट. जड वस्तू तळाला, आधी लागणारी वर. एकेक वस्तू ठेवायची, काढायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. दोन तासांत अर्धी पेटी भरली, आणि आम्ही दोघंही पुरते रिकामे झालो.

"क्रॉस, दोन नग," ते म्हणाले.

क्रॉस म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा. खडकांत तोच आधी तुटतो. त्याला बारीक लॉकं असतात आणि ती काढायला चोचीचा एक प्लायर लागतो. सहा वर्षं यादीत क्रॉसच्या खालच्या ओळीत प्लायर आहे.

"आणि प्लायर?"

"लिही समोरचं."

"अवो, प्लायर कुठं आहे?"

"असंल इकडंतिकडं."

बंडीचा खिसा एका बाजूला लोंबत होता. भांडारात असले खिसे मी लांबून ओळखायचे.

"काहून लपवला?"

ते पुसत राहिले. मग पेटीकडे बघत म्हणाले, "त्यायले नाही जमत त्याच्याबिगर. मग फोन करतीन."

"जंगलातून? तिथं टॉवर आहे का?"

"नाही."

"मग त्यायले तुमची आठवण आली, हे तुम्हाले कळंल कसं?"

हसले नाहीत. मला वाटलं, राहू द्यावा खिशातच. हे तसेही घरी राहतील, माझा रविवार तेलाविना जाईल. पण विराज ह्या वेळी लेकीला नेणार होता. ईरा, सहा वर्षांची, ह्यांना 'पाना आजोबा' म्हणते.

"ईरा आहे उद्या त्या गाडीत," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून प्लायर काढला, क्रॉसच्या शेजारी ठेवला. मी ओळ लिहिली. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चारचं सांगून साडेचारला विराज आला. पेटी उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

"बाप रे! काका, इसमें क्या-क्या है?"

"अठ्ठेचाळीस किलो," मी म्हटलं. "घे, सही कर. पण आधी काय काय घेतलं ते बघ."

"काकी, आप भी ना!" तो हसला, मग मी हसत नाही असं बघून बसला. मी वाचलं, त्यानं शोधलं. पाने सापडले. कमानीचे बोल्ट त्यानं कुठल्या तरी दुसऱ्याच कामाचे ठरवले. क्रॉस हातात धरून फिरवत राहिला.

"ये मैं वीडियो बना लूँ?"

ह्यांनी दाखवलं. लॉक असं दाबायचं, कप असा ठोकायचा, आतल्या सुया सांडू द्यायच्या नाहीत. तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा विराजनं फोन खिशात टाकला.

"मुझसे नहीं होगा. काका, आप चलो. नीचे कोई नहीं घुसने देगा आपको. कुर्सी पे बैठो, बोलते जाओ. हाथ हम चलाएँगे."

मला वाटलं, आता हो म्हणतील. ह्यांचा चेहरा आणखी पडला.

"खुर्चीवर बसून सांगणारा फोरमन होता आमचा," म्हणाले. "तीस वर्षं शिव्या दिल्या त्याले."

"तो हम भी दे देंगे," विराज म्हणाला. "पीठ पीछे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी नव्हे, खुसपट काढते का ते बघत होते. मी वहीत बघितलं.

"काम नाही जमलं तर मी ओरडीन," ते शेवटी म्हणाले.

"हव, काका."

"आणि खुर्ची प्लास्टिकची नाही. पाय रुततात तिचे मातीत. घडीची लोखंडी आहे, ती."

ती आणली. जीपमागे पेटीशेजारी लावून बघितली. उभी बसेना, आडवी बसेना. दोघं मागेपुढे होऊन बघत राहिले. ऊन भिंतीवर चढलं होतं, माझी कंबर धरली होती.

"पेटीच लांब आहे," हे म्हणाले. "दोन लहान पेट्या कराव्या लागतीन. काढ सगळं."

"सगळं?"

"तळापासून."

विराजनं बाह्या वर केल्या. मी वहीचं नवीन पान काढलं.