भोपळ्यांच्या होडीवर वाळत घातलेले पान

मित्रांनो, मी भोपळे विकणारी एक जुनी होडी आहे. कान थो शहराजवळ हाऊ नदीवर पहाटे बाजार भरतो, तिथे मी राहते. माझ्या पुढच्या टोकाला दोन मोठे डोळे रंगवलेले आहेत, त्यामुळे जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलेले आहे. ऐकीव काही नाही.

फुंग हिएप गावच्या सुतारांनी मला घडवले. मोठे काटेकोर लोक. फळी जराशी फुगलेली दिसली तरी पुन्हा तासायला लावत. माझ्या मालकिणीच्या, थाम मावशीच्या नवऱ्याने मला पाण्यात सोडले, तेव्हा शेजारच्या होड्यांनी माझे भारी कौतुक केले. पुढे तो गेला. मावशीने वल्हे हातात घेतले आणि आम्हा दोघींचा संसार सुरू झाला.

आमच्या बाजारात ओरडून माल विकत नाहीत. इंजिनांच्या धडधडीत ऐकू कुणाला येणार? प्रत्येक होडीवर एक उंच बांबू असतो. जे विकायचे ते त्याच्या टोकाला टांगायचे. भोपळा टांगला की भोपळे, अननस टांगला की अननस.

मग रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला. बाजार विरळ झाला. माझे छप्पर गळू लागले, डोळ्यांचा रंग उडाला. मावशीचा मुलगा विन्ह किनाऱ्यावर राहतो. त्याचे एकच पालुपद: होडी विकून टाक आणि माझ्याकडे ये. मावशीच्याने हो म्हणवत नव्हते, आणि नाही म्हणायचे बळही उरले नव्हते. शेवटी तिने तेतपर्यंत, म्हणजे नव्या वर्षापर्यंत मुदत मागून घेतली.

अशात दिएम आली. विद्यापीठात व्यवसाय शिकणारी, मूळची दा लातच्या डोंगराकडची. पोहता येत होते एवढेच नशीब. तिच्या प्राध्यापिकांनी मुलांना एक हंगाम बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या हवाली केले होते. कुणी अननसाच्या होडीवर, कुणी कॉफीच्या. गुणही व्यापाऱ्यांनीच द्यायचे. मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "भोपळा झेलता येतो का?"

येत नव्हता. आमच्याकडे भोपळे या होडीतून त्या होडीत फेकतात. दिएमच्या हातून निसटलेले भोपळे प्रवाहाबरोबर चालू लागत आणि नूडल्सच्या होडीवाले नाम काका त्यांना वाटेत अडवून परत आणत. "थाम, तुझे भोपळे घर सोडून चाललेत गं," ते म्हणत. दिएमही हसे आणि पुन्हा हात पुढे करून उभी राही. मला ती तिथेच आवडली.

ती नुसती झेलायला शिकून थांबली नाही. अननसवालीकडून माल पिकण्याच्या क्रमाने लावायला शिकली, कॉफीवाल्याकडून गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवायला. आणि स्वतःचे डोकेही लावले. विद्यापीठाच्या खानावळींत जाऊन ती बोलून आली, आणि भोपळे, अननस, पपया एकाच खेपेत पोचू लागल्या. आमच्यासोबत शेजाऱ्यांचेही भले झाले. मावशी तोंडावर कौतुक करणारी नव्हे, पण माशाचा चांगला तुकडा आता दिएमच्या वाडग्यात पडू लागला.

तेत जवळ आला. मावशीचे काय ठरणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. ती मुलाकडे मुक्कामाला गेली असताना दिएमच्या मनात आले, निदान छप्पर तरी धड करू. तिने छपरावर घालायची लांब पाने आणली. एक पान ओले होते, ते तिने बांबूच्या टोकाला वाळत बांधले. बांबूवर लोक कपडेही वाळत घालतात, ते काही कुणी विकत मागत नाही. मग पान कोण मागेल, असे तिला वाटले.

मित्रांनो, आमच्या नदीवर छपराचे पान टांगले की त्याचा एकच अर्थ असतो: होडी विकायची आहे. माझा जीव वरखाली होत होता, पण सांगू कशी? मला डोळे आहेत, तोंड नाही.

उजाडताच नाम काका आले, तेच फणकाऱ्याने. रोजच्यासारखा सुपासाठी भोपळा घेतला, पैसे ठेवले आणि म्हणाले, "इतकी वर्षं शेजार काढला, आणि आम्हाला पानावरून कळावं?" त्यांनी दिएमला पानाचा अर्थ सांगितला. ती बांबूकडे धावली, पण तोवर किनाऱ्यावरून मावशी परतली होती. तिच्या पाठोपाठ पान बघून एक हॉटेलवाला आला. त्याला मी बागेत ठेवायला हवी होते, दिव्यांच्या माळा घालून. बोली त्याने दणदणीत लावली.

दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, भवानीच्या गिऱ्हाइकाला, मावशीने जन्मात कधी परत पाठवले नव्हते. तिने पानाकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "टांगलंय म्हणजे शब्द दिलाय. भवानीला नाही कसं म्हणू?"

"पान मी चुकून लावलं, मावशी," दिएम पुढे येऊन म्हणाली. "पण भवानी झालीय. नाम काकांनी मघाशीच भोपळा नेला."

"हा काय," काकांनी आपल्या होडीतून भोपळा उचलून दाखवला. "चिरायचासुद्धा राहिलाय."

हॉटेलवाला वैतागला. भवानी असो नसो, विकायची आहे की नाही, तेवढे सांगा, म्हणाला.

मावशीने दिएमकडे पाहिले. "शिकून झालं की तू सायगावला, मोठ्या शहरात जाशील ना?"

"जाईन ना. आपले भोपळे विकायला," दिएम म्हणाली. "आणि विकून झाले की परत इथेच येईन. मला दुसरीकडे करमायचं नाही आता."

मावशी हॉटेलवाल्याकडे वळली. "माझ्या एकटीच्या हातात नाही हो. माझ्या भागीदाराला विचारा."

तो भागीदार कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. दिएमही मान वळवून मागे पाहू लागली. मागे कुणीच नव्हते. नाम काका मात्र पोट धरून हसत होते, आणि मावशीचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला शोभेला बसवू नका, तिच्याकडून काम करून घ्या. आणि शिकायला कुणी आले, तर त्याला काठावर उभे ठेवू नका. होडीत घ्या. थोडे भोपळे वाहून जातील, जाऊ द्या.