शंभरातले साठ

कारखान्यात त्याला सगळे 'दशांश' म्हणायचे. ब्रशच्या कारखान्यात हिशोब ठेवणारा माणूस, पण वेळ विचारली तर सेकंदासकट सांगेल, आणि चहात साखर किती म्हणून विचारलं तर "पाऊण" म्हणेल. एकवीस वर्षांत आपली एकही बेरीज चुकली नाही, याचा त्याला केवढा अभिमान! आणि खोटं कशाला बोला, बेरीज खरंच कधी चुकली नव्हती. चूक बेरजेत असती तर फार बरं झालं असतं.

कारखान्यात दोन विभाग होते. खालच्या शेडमध्ये यंत्रं. बाटल्या धुवायचे, फरशी घासायचे, कपड्यांचे असे पन्नास तऱ्हांचे ब्रश तिथे निघत. वरच्या मजल्यावर एका लांबलचक खोलीत चौदा बायका रंगाऱ्यांचे ब्रश हाताने बांधत. ब्रशचे केस विंचरायचे, जुडी करायची, पत्र्याच्या टोपीत बसवायची, वरून सरस ओतायचा. त्या खोलीची मुकादम म्हणजे दशांशची सख्खी थोरली बहीण. वडील गेल्यावर तिने हे काम धरलं, त्याच कमाईवर धाकट्याला शिकवलं, आणि मालकांच्या मागे लागून त्याला ऑफिसात चिकटवलं तेही तिनेच. अख्खी खोली तिला ताई म्हणायची.

आता ही वरखर्चाची भानगड समजून घ्या, अवघड काही नाही. एका ब्रशला केस किती लागले, मजुरी किती पडली, हे मोजता येतं. पण वीज, यंत्र जुळवणाऱ्या मिस्त्र्यांचे पगार, तपासनीस, गोदाम, खरेदीची कागदपत्रं, हा सगळा खर्च कुठल्या ब्रशच्या नावावर टाकायचा? आधीच्या हिशोबनिसाने सोपी वाट काढून ठेवली होती. ज्या विभागात माणसांचे तास जास्त, त्याच्या डोक्यावर वरखर्च जास्त. दशांशने तीच वाट डोळे मिटून पुढे धरली. आता हातकामाला तास लागणारच की हो! कारखान्यातल्या शंभर तासांतले साठ ताईच्या खोलीत जायचे, म्हणून वरखर्चाचेही शंभरातले साठ भाग तिच्याच माथी.

त्यात ताई पडली नाकासमोर चालणारी. दर शनिवारी ती तासांचा तक्ता पाठवायची, त्यात पाच मिनिटांचीही लपवाछपवी नसे. खालच्या शेडचा फोरमन पक्का बेरकी, दोन माणसांचे तास बिनबोभाट गिळून टाकायचा. म्हणजे बघा, जिचा तक्ता खरा तिच्यावरच बोजा जास्त.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी विचारलं, "रंगाऱ्यांचा ब्रश आपल्याला पडतो केवढ्याला?" दशांशने कागद पुढे केला. केस आणि मजुरी सव्वीस रुपये, वरखर्च अठरा, एकूण चव्वेचाळीस. विकत होते चाळीसला. एका ब्रशमागे चारचा खड्डा. मालक म्हणाले, "सहा महिने देतो. खर्च उतरवा, नाहीतर वरच्या खोलीला कुलूप."

ताई तशीच ऑफिसात आली. बाहीला सरसाचे डाग, हातात त्याच कागदाची नक्कल. "अरे, आमच्याकडे चार ट्यूबलाइट, दोन पंखे आणि सरसाची एक शेगडी. यंत्रं धडधडतात खाली, आणि त्यांचं बिल आमच्या नावावर कसं?"

यावर या शहाण्याने काय करावं? तो हसला. "ताई, हे शास्त्र आहे गं. तू ब्रश बांध, आकड्यांचं माझ्यावर सोड."

"बरं बाबा," ती म्हणाली. "तू शिकलेला. तू म्हणतोस म्हणजे असेलच."

सहा महिन्यांनी खोलीला कुलूप लागलं. बायका चार दिशांना गेल्या आणि ताई घरी बसली. ती भावाला एका शब्दानेही बोलली नाही. दशांशला वाटलं, चला, हिनेही समजून घेतलं.

पण तोटा काही जाईना. जाईल कसा? वीज तेवढीच, मिस्त्री तेवढेच, तपासनीस तोच. आधी साठ भाग ताईच्या खोलीवर ढकलता येत होते, आता जवळपास शंभरच्या शंभर खालच्या मालावर येऊन बसले आणि बाटलीचा ब्रशही तोट्यात दिसायला लागला. दोन वर्षं भाव वाढवून कसंबसं निभावलं. तिसऱ्या वर्षी मालक कडाडले, "तोटा वरच्या खोलीत होता म्हणालास ना? मग वर कुलूप असताना तो जिना उतरून खाली आला कसा?" मालकांनी त्याला दोन दिवसांच्या हिशोबाच्या वर्गाला पिटाळलं.

शिकवणारी बाई किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. "खर्च तासांमुळे होत नाही, कामांमुळे होतो," ती म्हणाली. "तेव्हा आधी कामं मोजा. यंत्राचा साचा किती वेळा बदलला, माल किती वेळा तपासला, खरेदीचे कागद किती झाले. मग ज्या मालासाठी ते काम करावं लागलं, त्याच्या नावावर तेवढाच खर्च टाका." दशांशने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. चार ट्यूबलाइट, दोन पंखे, एक शेगडी. हे त्याने आधी ऐकलं होतं.

परत आल्यावर त्याने खोली बंद झाली त्या वर्षाची कागदपत्रं काढली. साचे बदलले होते चारशे बारा वेळा, त्यातले वरच्या खोलीसाठी शून्य. तपासनीस तर कधी जिना चढलाच नव्हता, ताई स्वतःच एकेक ब्रश अंगठ्याने दाबून बघायची. केसांची खरेदी वर्षातून चारदा, बस्स. एकेक काम मोजत गेला तेव्हा ताईच्या खोलीच्या वाट्याला शंभरातले साठ नाही, दहा भाग आले. अठराच्या जागी तीन. म्हणजे ब्रश पडत होता एकोणतीसला आणि विकला जात होता चाळीसला. एकामागे अकरा सुटत होते! अरे देवा! जी खोली सगळ्या कारखान्याला हात देत होती, तिलाच त्याने बुडीत ठरवलं होतं. त्याने तीनदा बेरीज केली. बेरीज नेहमीप्रमाणे बरोबर होती.

मालकांनी कागद पाहिला, चष्मा काढला. "आता काय उपयोग? तिथे गोदाम झालंय. रंगारीही दुसऱ्यांकडे गेले." एवढंच बोलून त्यांनी फोन उचलला.

रविवारी तो ताईकडे गेला. रस्ताभर एकच धास्ती होती, आता ही आपलं तोंडही बघणार नाही. आणि बघू नये तिने, असंही त्याला मनातून वाटत होतं. ताईने चहा टाकला. त्याने कागद पसरला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. शेवटी म्हणाला, "तू म्हणत होतीस तेच खरं होतं, ताई. मी हसलो तुला. माझ्यामुळे गेली तुझी खोली." आणि हा पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडला.

"रडू नकोस रे," ताई म्हणाली. "तुझ्यावर काय रागवू? वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण तू मुद्दाम थोडंच केलंस." मग तिने कागद जवळ ओढला. "म्हणजे आम्ही तोट्यात नव्हतोच?"

"कधीच नाही."

"आणि आमचे तास कमी केले म्हणून खरा फरक पडला असता?"

"मजुरीचा थोडा. वरखर्चात काहीच नाही."

ताईने कप बाजूला सरकवला. "खिडकीपाशी बसायची ती म्हातारी मावशी आठवते? हात थरथरायचे तिचे. दिवसाला जेमतेम वीस ब्रश व्हायचे. तू सहा महिन्यांची मुदत सांगितलीस ना, तेव्हा तास उतरवायचे म्हणून पहिलं तिला काढलं मी. तुझा चव्वेचाळीसचा कागद तिच्यापुढे धरला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, मावशी, तुमच्यापायी बाकीच्यांच्या पोटावर पाय येतोय. तिने कातर आणि फणी माझ्या टेबलावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाली, मला आधी सांगायचंस, मी आपणहून गेले असते."

"मी जातो तिच्याकडे," दशांश घाईघाईने म्हणाला. "आजच जातो. चूक माझी होती म्हणून सांगतो."

"गेल्या वर्षी वारली ती."

ताईने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "बाकीच्या तेरा जणी आहेत. एकेकीच्या दारात जा आणि हे सांग. त्यांना अजून वाटतं, आपलाच हात कमी पडला."

"तू चल ना बरोबर."

"जा तू," ती म्हणाली. "तुला माझ्याकडे तरी येता आलं. मी कुणाकडे जाऊ रे?"