फक्त पाठ

पत्र्याच्या डब्यात बंदुकीची दारू, तिच्यावर कोळशाची भुकटी. तिथून निघालेली तार.

बूटपॉलिशची डबी. काळी.

एका खलाशाचा फोटो. जहाजाच्या शिडीवर, पाठमोरा.

युद्धाच्या चित्रपटात काळा शिपाई आधी मरतो. अमेरिकी आरमाराचा तळ असलेल्या आमच्या ओलोंगापोत यावर कुणी पैजसुद्धा लावत नाही.

बांबूची काठी, टोकाला लाल चिंधी.

हे सगळं एकाच दिवसाचं. मी पोन्सो. गोऱ्यांच्या युद्धपटांसाठी इथल्या जंगलात स्फोट करतो. त्या दिवशी अमेरिकेहून आलेला काळा नट तापाने फणफणला होता, म्हणून त्याच्या जागी धावायला विल्मारला आणलं. आमच्या गल्लीतल्या आल्माचा मुलगा, चोवीस वर्षांचा. बाप अमेरिकी आरमारातला, काळा. विल्मार पोटात असतानाच त्याचं जहाज गेलं.

"फक्त पाठ," सहायक दिग्दर्शक बेनिंगने बजावलं. "तोंड दिसलं तर अख्खा शॉट मातीत."

"का, तोंड वाईट आहे माझं?"

"राजबिंडं आहे रे. पण त्याचं नाही ना!"

विल्मार माझ्याकडे वळला. "मामा, आई म्हणते, बाबांना युद्धाचे पिक्चर फार आवडायचे. तिकडे कुठेतरी बसून बघतीलच."

"बघतील की. तुझी पाठ."

"पाठ तर आमच्याकडेही आहे त्यांची. ह्या फोटोत."

मला हसू आलं नाही. "नीट ऐक. डबा काठीपाशी पुरलाय. काठी ओलांडून पाच पावलं गेलास की मी बटण दाबणार. मध्ये थांबलास, तर आल्माकडे तुझी चप्पल घेऊन जावं लागेल मला."

कॅमेरा सुरू झाला.

विल्मार धावला. पाठ वाकलेली, बंदूक छातीशी. धूर सुटला.

वीस पावलं. दहा.

काठी.

तो थांबला.

माझा अंगठा बटणावर.

"दाब!" बेनिंग ओरडला. "पोन्सो, दाब!"

विल्मारने शिरस्त्राण काढलं. वळला. दारूच्या डब्यावर उभा राहून सरळ कॅमेऱ्यात बघू लागला. ना हसला, ना हात हलवला. पासपोर्टच्या फोटोसाठी उभं राहतात, तसा.

"दाब म्हणतोय ना!"

एक श्वास. दुसरा. चुकून बटण दबेल, या भीतीने मी अंगठा डाव्या हाताने धरून उचलला.

तिसऱ्या श्वासाला कॅमेरा बंद झाला. गोऱ्या दिग्दर्शकाने टोपी चिखलात आपटली. बेनिंग माझ्या अंगावर धावून आला.

"दाबलं का नाहीस?"

"तो वर उभा होता."

"मग? मरायचंच होतं ना त्याला तिथे!"

मग बेनिंगने विल्मारला हाकललं. मला हाकलता येईना. स्फोट करणारा दुसरा कुणी नव्हता. आणि विल्मारच्या अंगकाठीचा माणूसही मीच. त्यांनी माझ्या मानेला, हातांना बूटपॉलिश फासलं. मी धावलो. बटणावर बेनिंगचा अंगठा होता. काठी ओलांडून मी पाच पावलं मोजली.

चित्रपटात काळा शिपाई मरतो तो मी.

इथे फिल्म धुवायची सोय नव्हती. चांगली-बिघडलेली सगळी फिल्म डब्यांत बंद करून अमेरिकेला जायची. विल्मारचा चेहराही गेला.

त्या सकाळी, कॅमेरा बसवण्याआधी, विल्मारने मला विचारलं होतं, "मामा, तो कुठून बघणार?" मी बोटाने कॅमेऱ्याची जागा दाखवली होती.