मामाच्या चारशे बारा खुणा

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ऐकवायला नको. त्या दुपारी मीटिंगमध्ये मी पेन आपटलं हे खरं, पण ते शंकासुरावर. मामावर नाही.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, आणि आमच्या ऑफिसात कर्नेलचा कर्ताधर्ता. कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला तो मूळ प्रोग्रॅम, जो बाकी सगळ्यांना रांगेत उभं करून ज्याची त्याची पाळी देतो. आमचं कर्नेल हॉस्पिटलांत, खाटेशेजारच्या मशीनमध्ये चालतं. पंचवीस वर्षांत मामाने त्यात चारशे बारा खुणा पेरल्या होत्या. एखादं काम त्या जागेवरून गेलं की खूण एक ओळ लिहिते, अमक्या वेळी इथून गेलं. बिघाड झाला की मामा त्या ओळी घेऊन बसतो आणि बोट फिरवत फिरवत नेमका चोर धरतो. मलाही हे काम त्यानेच शिकवलं.

माझं टूल वेगळं. त्यात आधी काही पेरून ठेवावं लागत नाही. चालत्या कर्नेलमध्ये हवं तिथे डोळा लावायचा, बघायचं, आणि झालं की काढून घ्यायचा. तीन वर्षं घातली मी त्यात. कर्नेलच्या येत्या आवृत्तीत ते घ्यायचं की नाही हे त्या दुपारी ठरणार होतं. नाही म्हटलं की काम बंद, आणि मी पुन्हा तक्रारींचे फोन उचलायला मोकळी.

आमच्या प्रमुख मॅडमनी परीक्षाही ठेवली होती. वॉर्डातल्या मशीनचा पडदा दिवसातून सात-आठदा अर्धा सेकंद गोठायचा. अर्धा सेकंद ऐकायला काहीच नाही, पण त्या पडद्यावर कुणाच्या तरी काळजाचे ठोके असतात. मामाच्या ओळींत तो बिघाड दिसतच नव्हता. मी म्हटलं, मी पकडून दाखवते. तसंच एक मशीन माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

पाच दिवस मी डोळे लावून बसले. कर्नेलचा एक सेकंद वाचायला माणसाची अख्खी दुपार जाते. ऊन खिडकीतून टेबलावर यायचं, कीबोर्डवर चढायचं, भिंतीवरून निघून जायचं, आणि आत तेव्हा कुठे एक ठोका पडलेला असायचा. कामं येत होती, थांबत होती, एकमेकांना वाट देत होती. बघता बघता वाटायला लागलं की मीच त्या गल्ल्यांतून चालतेय. पावलांचा आवाज नाही, कुणाला घाई नाही. चहा गार व्हायचा. घरी नवरा काही विचारायचा आणि मी नुसतं हं म्हणायचे, तेही तो खोलीतून निघून गेल्यावर. इतकं शांत मला लहानपणीही कधी वाटलं नव्हतं. फक्त पाच दिवसांत डोळे लावलेले असताना पडदा एकदाही गोठला नाही, आणि संध्याकाळी ते काढून घेतले की रात्री हमखास गोठायचा.

मीटिंगमध्ये नेमकं तेच शंकासुराने धरलं. शंकासुर म्हणजे आमचा तपासनीस. सूर्य उगवला तरी हा दुसरा साक्षीदार मागेल. त्याचं म्हणणं, टूल लावलं की बिघाड गायब, काढलं की हजर. मग हे टूल बघतंय की ढवळतंय? पाहुणे आले की पोरं शहाण्यासारखी बसतात, तसलंच हे. सगळे हसले, आणि मी पेन आपटलं ते तेव्हा. मामा हसला नाही. तो शांतपणे म्हणाला की बघणं कधीच फुकट नसतं, आणि बघितल्याने जे बदलतं त्याच्यावर विसंबता येत नाही, तेव्हा त्याचं मत नकाराचं आहे. मामाचं मत म्हणजे आमच्याकडे निकालच.

मी चिडून माझी वही उघडली, पहिल्या दिवसापासून सगळं वाचून दाखवायला. पहिल्याच ओळीवर अडकले. डोळे लावण्याआधी मी मामाच्या सगळ्या खुणा बंद केल्या होत्या. खोटं कशाला बोलू, त्यात थोडा तोराही होता. माझं टूल स्वतःच्या पायावर उभं राहू दे, मामाच्या कुबड्या नकोत. आणि टूल काढलं की दरवेळी खुणा पुन्हा चालू केल्या होत्या. म्हणजे पडदा माझ्या डोळ्यांमुळे सुधारला नव्हता. खुणा नव्हत्या म्हणून सुधारला होता.

एक वाक्य बोलले की टूल वाचणार होतं. पण ते वाक्य म्हणजे मामाची पंचवीस वर्षं, आणि तीही चारचौघांत. गप्प बसले तर पडदे गोठतच राहणार. खोलीतले आवाज लांब लांब गेले. मामाच्या चष्म्याच्या काचेत खिडकी दिसत होती, आणि तिच्यातूनच कुठेतरी निघून जावं असं मला वाटलं.

"काय सापडलं?" मामाने विचारलं. माझा चेहरा त्याला जन्मापासून वाचता येतो.

"मामा, तू नंतर..." ऑफिसात मी त्याला तुम्ही म्हणते, पण जीभ घसरली.

"नंतर कशाला? तिकडे मशीन लावून माणसं पडलीत. बोल."

मी बोलले. कुणी हसलं नाही. मामा म्हणाला, माझ्या खुणा चालू कर, आणि तुझे डोळे त्यांच्यावरच लाव.

सगळे माझ्या टेबलावरच्या मशीनभोवती जमले, आणि तास-दीड तास कुणी जागचं हललं नाही. मग पडदा गोठला आणि डोळ्यांनी पकडलं. खूण क्रमांक सतरा. ओळ लिहून झाली की ती पोच मिळायची वाट बघत थांबत होती. पोच द्यायची होती एका छोट्या प्रिंटरने. तो भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली होती, त्याची केबलही उरली नव्हती. तरी ती थांबायची, सगळ्या कर्नेलला धरून, अर्धा सेकंद. तेवढा वेळ खुणांचं घड्याळही थांबायचं, म्हणून मामाच्या ओळींत तो अर्धा सेकंद कधी घडलाच नव्हता. माझ्या डोळ्यांचं घड्याळ वेगळं, म्हणून तो तिथे उमटला.

मामाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "तेव्हा मी त्या प्रिंटरशेजारी बसायचो," तो म्हणाला. "कागद सरकायच्या आत मशीन पुढे गेलं की ओळ हरवायची. म्हणून मीच तिला थांबायला सांगितलं होतं."

मी घाईघाईने म्हटलं की एवढी एकच काढू, बाकीच्या राहू देत.

"सगळ्या काढायच्या," मामा म्हणाला. "एकच काढलीस तर उरलेल्यांसाठी मी भांडत बसेन, आणि तुम्ही माझं वय बघून ऐकाल."

आमच्यात नियम आहे, आपला बदल आपण मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने वाचून हो म्हणायचं. मामाने स्वतः बसून त्या चारशे बारा खुणा खोडल्या आणि मंजुरीला माझं नाव टाकलं. कारणाच्या जागी लिहिलं, माझ्या खुणेमुळे उशीर होत होता, भाचीने दाखवलं. मी एकेक ओळ वाचली. मधेच डोळे भरून यायचे, मग पुन्हा वरपासून वाचायचे. ऑफिस रिकामं झालं तेव्हा कुठे मी हो दाबलं.

मामा गेला नव्हता. त्याने आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आणली, चष्मा पुसला, आणि वहीचं कोरं पान काढलं.

"हं, आता मला शिकव," तो म्हणाला. "पहिला डोळा कुठे लावायचा?"